मोरांदींच्या रीतीने तैलरंगातील स्थिरचित्र : बरणी, मापटे आणि त्यांच्यामधली जागा

जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) या इटालियन चित्रकारांनी आयुष्यभर मुख्यतः बाटल्या, बरण्या, डबे आणि वाडगे यांचीच चित्रे काढली. बोलोन्या शहरातील व्हिया फोंदाझ्झा या रस्त्यावरच्या घरात ते तीन बहिणींसह राहत, त्यांची झोपायची खोली हीच चित्रे काढण्याचीही खोली होती, आणि उन्हाळ्यात ग्रिझ्झाना या डोंगरातल्या गावी जाऊन निसर्गचित्रे करण्यापलीकडे त्यांची फारशी भटकंती नव्हती. इटलीबाहेर त्यांनी पहिल्यांदा पाऊल ठेवले ते १९५६ साली, साठी उलटल्यावर. त्यानंतरच्या वर्षी साओ पावलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात चित्रकलेचे सर्वोच्च पारितोषिक त्यांना मिळाले. घराबाहेर न पडता, घरातल्याच वस्तूंवर इतके मोठे काम उभे राहू शकते, ही गोष्ट लातूर, परभणी किंवा अंबाजोगाईला बसून चित्रे काढणाऱ्याच्या दृष्टीने फार सोयीची आहे. येथे दिलेली कृती त्यांच्या एखाद्या चित्राची नक्कल करण्यासाठी नाही. त्यांची कामाची रीत घेऊन आपल्या माळ्यावरच्या वस्तूंचे एक तैलचित्र कसे करावे, एवढाच तिचा उद्देश आहे.

आपल्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांच्या तयारीतून बहुतेकांचा हात वस्तुचित्र आणि स्थिरचित्रावर बसलेला असतो. ती तयारी उपयोगी असली तरी तिच्या काही सवयी येथे आड येतात. तांब्याच्या पोटावर पांढऱ्या रंगाचा चकाकता ठिपका दिला की गोलाई आली, मागे कापडाच्या चुण्या सोडल्या की मांडणी भरली, आणि एका वस्तूची कड दुसरीच्या कडेला नेमकी टेकू द्यायची नाही, हे आपण शाळेतच पाठ केलेले असते. मोरांदींच्या चित्रांत चकाकी जवळजवळ नसते, चुण्यांचे कौतुक नसते, आणि कडा तर ते मुद्दाम टेकवतात. बाटलीची उभी कड आणि शेजारच्या खोक्याची कड एकाच रेषेत आणून, कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे, हे ते क्षणभर संदिग्ध ठेवतात.

म्हणून ब्रश हातात घेण्याआधी त्यांची १९५० नंतरची चार-पाच स्थिरचित्रे शांतपणे पाहावीत. मोबाइलच्या पडद्यावर रंग हमखास भडक दिसतात, तेव्हा पडद्याची उजळणी कमी करावी आणि रंगांपेक्षा आकारांकडे लक्ष द्यावे. पाहताना वस्तूंची नावे मनातून काढून टाकावीत आणि सगळ्या वस्तूंचा मिळून बाहेरचा एक आकार कोणता होतो ते कागदावर एका रेषेने उतरवावे. पुष्कळदा तो साधा चौकोन निघतो. नंतर टेबलाची मागची कड चित्रात किती उंचीवर येते आणि वस्तूंच्या मागे जाऊन दुसऱ्या बाजूला ती त्याच उंचीवर बाहेर पडते का, हे तपासावे. शेवटी वस्तूंच्या मधल्या फटी पाहाव्यात. मोरांदींची खरी जोखीम तेथेच होती. कोणत्या बाटल्या कोणत्या रंगाच्या कापडावर शोभतील हे ठरवायला आपल्याला आठवडे लागतात आणि तरीही मधल्या जागा चुकतात, अशा आशयाचे त्यांनी एका मुलाखतीत सांगितले होते. अनेक दशके बाटल्या रंगवलेला माणूस जागा चुकल्याचे म्हणतो, तेव्हा शिकणाऱ्याने आपला बहुतेक वेळ कोठे घालवायचा हे वेगळे सांगावे लागत नाही.

वस्तू पाचांहून अधिक घेऊ नयेत. लोणच्याची चिनी मातीची बरणी, जिचे खांदे तपकिरी आणि पोट पांढरट असते, ती या कामासाठी जणू घडवलेलीच आहे. तिच्या जोडीला धान्य मोजायचे मापटे, ॲल्युमिनियमचा जुना डबा, औषधाची किंवा शाईची काचेची बाटली आणि औषधाचे किंवा बुटाचे पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. घरात नसेल तर कोणत्याही आठवडी बाजारात जुन्या भांड्यांच्या ढिगात हे सारे थोड्या पैशांत मिळते. निवडताना दोन वस्तू जवळजवळ सारख्या उंचीच्या आणि एक ठळकपणे बुटकी असावी. मराठवाड्यातल्या चित्रकाराला बिदरीची सुरई आणि मागे पैठणीचा पदर मांडण्याचा मोह आवरणे कठीण जाते, परंतु तो आवरावा. बिदरीवरची चांदीची नक्षी आणि पदरावरचे मोर नजर स्वतःकडे ओढून घेतात आणि बाकीच्या चार वस्तू नोकरासारख्या उभ्या राहतात.

आता चकाकी घालवायची. मोरांदी बाटल्यांवरची लेबले काढून टाकत, काहींना बाहेरून रंगाचा हात देत, तर काहींच्या आतच रंग ओतत, जेणेकरून काचेतून पलीकडचे दिसू नये आणि उजेड तिच्यावर उड्या मारू नये. आपण भिंतीच्या डिस्टेंपरचा पातळ हात वापरावा. पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये चिमूटभर पिवळी माती किंवा गेरू मिसळला की कोरडा पांढरा रंग जरा मवाळ होतो. काचेच्या बाटलीत थोडे डिस्टेंपर ओतून ती सगळीकडून फिरवावी, उरलेले परत ओतून द्यावे आणि बाटली उपडी करून वाळू द्यावी. पितळेचे मापटे चिंच लावून घासू नये. ते जितके काळवंडलेले तितके बरे. मोरांदींच्या वस्तूंवर साचलेल्या धुळीचे वर्णन त्यांच्या खोलीत जाऊन आलेल्यांनी केले आहे. त्यासाठी आपल्याला काही करावे लागत नाही. एप्रिलमध्ये खिडकी उघडी ठेवली की पुरे.

उजेडाच्या बाबतीत युरोपातल्या पुस्तकांचा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन कधी येत नाही, म्हणून दिवसभर उजेड स्थिर राहतो, असे तेथे सांगितलेले असते, आणि साडेचव्वेचाळीस अंश अक्षांशावरच्या बोलोन्यात ते बहुतांशी खरे आहे. मराठवाडा साधारण अठरा ते वीस अंशांच्या दरम्यान येतो. येथे मार्चच्या उत्तरार्धापासून सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवू लागतो, आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच्या काळात तो दुपारीही काही आठवडे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी आणि सायंकाळी उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपे ऊन आत शिरते व टेबलावरच्या सावल्या अर्ध्या तासात जागा बदलतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ यासाठी उत्तम असून उत्तरेची खिडकी तेव्हा खरोखरच भरवशाची असते. उन्हाळ्यात काम करायचे झाल्यास खिडकीवर जुन्या धोतराचे धुवट कापड किंवा ट्रेसिंग पेपर ताणून लावावा. जुन्या माळवदाच्या घरात छतातल्या झरोक्यातून उतरणारा उजेड सुंदर असतो, पण तो वरून येत असल्याने वस्तूंच्या सावल्या पायाशीच गोळा होतात आणि दोन वस्तूंमधली जागा काळी पडते. या चित्रासाठी बाजूने येणाराच उजेड घ्यावा. ट्यूबलाइट बंद ठेवावी. दोन उजेड मिसळले की राखाडी रंगांचा हिशेब पुरता बिघडतो.

टेबलाची उंची ही किरकोळ बाब समजली जाते, परंतु चित्राचा स्वभाव तीच ठरवते. मोरांदींकडे वेगवेगळ्या उंचीच्या टेबलांची सोय होती. वस्तू डोळ्यांच्या पातळीजवळ असल्या की बरणीचे तोंड जवळजवळ सरळ रेषा होते आणि वस्तू भिंतीसारख्या उभ्या राहतात. खाली असल्या की तोंडाचे लंबगोल उघडतात आणि टेबलाचा पृष्ठभाग चित्रात पसरतो. पहिल्या चित्रासाठी नजर बरणीच्या तोंडापेक्षा वीतभर वर राहील अशी बैठक धरावी. टेबलावर कोरा तपकिरी किंवा पांढरट कागद चिकटवावा, आणि प्रत्येक वस्तू जागेवर बसली की तिच्या बुडाभोवती पेन्सिल फिरवून खूण करावी. मोरांदींच्या टेबलांवरच्या कागदांवर अशाच खुणांचे जाळे आहे. ज्या घरात रोज झाडलोट होते आणि लहान मुले वावरतात, तेथे ही खूण केवळ सोय राहत नाही. तिच्यावाचून चित्र पुरे होणेच अवघड असते. आपल्या पायांच्या जागेवरही खडूने खूण करून ठेवावी.

यानंतरचे काम सावकाश करावयाचे आहे. पुठ्ठ्यात १२×१६ इंचांच्या प्रमाणात छोटी चौकट कापून तिच्यातून मांडणी पाहावी आणि आगपेटीएवढ्या आकारात पेन्सिलीने तिची टिपणे करावीत. टिपणात वस्तूंच्या कडा रेखू नयेत. दोन वस्तूंमधल्या फटी आणि वस्तू व चौकट यांच्यामधली रिकामी जागा तेवढी काळी करावी. समजा, बरणीच्या उजवीकडे मापटे आहे. त्यांच्यामध्ये दोन बोटे अंतर ठेवले की दोन सुट्या वस्तू दिसतात आणि मधली जागा नुसती उरलेली असते. मापटे हळूहळू डावीकडे सरकवत नेले की एका टप्प्यावर ती फट वर रुंद आणि खाली चिंचोळी असा उलट्या पाचरीचा आकार धारण करते, कारण बरणीचा खांदा वर आत वळतो आणि पोट खाली बाहेर येते. ती पाचर मागच्या भिंतीच्या रंगाची असते, पण दोन्ही बाजूंच्या सावल्यांमुळे भिंतीपेक्षा अर्ध्या छटेने गडद दिसते. हा आकार डोळ्यांना बरणीइतकाच भरीव वाटू लागला की मापट्याची जागा सापडली असे समजावे. आणखी करंगळीभर सरकवले तर फट मिटते, दोन्ही वस्तूंची मिळून एकच बाह्यरेषा होते, आणि तेही वेगळे चित्र म्हणून चांगले असते. कोणते ठेवायचे ते एकाच बैठकीत ठरवू नये. मांडणी तशीच ठेवून येता-जाता पाहावी, सकाळी पाहावी, आरशात उलटी पाहावी. आठवडा गेला तरी तो वाया गेला असे नाही.

सामग्रीवर फार खर्च करण्याची गरज नाही. १२×१६ इंचांचा तयार कॅनव्हास किंवा जेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात दिलेला हार्डबोर्ड चालतो. मोरांदींची बरीचशी चित्रेही आकाराने लहानच आहेत. डुकराच्या केसांचे चपटे ब्रश, क्रमांक ४, ६ आणि ८, आणि एक पॅलेट नाइफ घ्यावी. रंगांत टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना, लाइट रेड, अल्ट्रामरीन आणि आयव्हरी ब्लॅक एवढे पुरतात. कॅमलच्या ट्यूब जिल्ह्याच्या गावी स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात मिळतात. रंग पातळ करण्यासाठी चित्रकलेचे शुद्ध टर्पेंटाइन वापरावे. हार्डवेअरच्या दुकानातले टर्पेंटाइन ब्रश धुण्यापुरतेच ठेवावे.

तेलाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण तैलरंगाची दोन महत्त्वाची तेले आपल्या रब्बीतच पिकतात. जवसाचे तेल हे तैलचित्राचे मूळ तेल आहे. ते पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही, तर हवेतला ऑक्सिजन घेऊन आवळून येते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. करडईचे तेल जवसापेक्षा कमी पिवळे पडते, म्हणून पांढऱ्या ट्यूबमध्ये पुष्कळदा तेच वापरलेले असते. मात्र ते सावकाश वाळते आणि त्याचा पापुद्रा तुलनेने कमी चिवट असतो. यावरून घाण्याचे ताजे तेल आणून रंगात मिसळावे, असा विचार मराठवाड्यात कोणाच्याही मनात येईल. तसे करू नये. घाण्याच्या तेलात बियांतला चिकट गाळ राहतो, जो पुढे रंग पिवळा करतो, आणि ओलेइक आम्ल जास्त असलेल्या करडईच्या वाणांचे तेल तर नीट वाळतही नाही. त्या तेलाची जागा कारळाच्या चटणीवर आहे. चित्रासाठी बाटलीवर चित्रकलेसाठी असल्याचे लिहिलेले शुद्ध केलेले जवसाचे तेलच घ्यावे. खालच्या थरात तेल कमी आणि टर्पेंटाइन जास्त, वरच्या थरात तेल जास्त, हा नियम मोडला की वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि तडे जातात.

याच ठिकाणी एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर वाळताना त्यांत उष्णता साठत जाते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. पारा ४२ अंशांवर गेलेल्या दुपारी पत्र्याच्या खोलीत हे अधिकच संभवते. फडकी पसरून मोकळ्यावर वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावीत.

कॅनव्हासच्या पांढऱ्या रंगावर थेट काम सुरू करू नये. रॉ अंबर आणि थोडा ऑकर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून कॅनव्हासला पुसट हात द्यावा, फडक्याने पुसून घ्यावा आणि वाळू द्यावा. त्यावर पातळ अंबरनेच, पेन्सिल न वापरता, ब्रशने आधी टेबलाची मागची कड आखावी, मग सगळ्या वस्तूंचा मिळून बाहेरचा आकार, आणि मग आतल्या फटी. वस्तूंच्या कडा त्यातून आपोआप निघतात. रेषा किंचित थरथरली तर दुरुस्त करू नये. पट्टी लावून काढल्यासारखी बाटली या चित्रात परकी वाटते.

रंग मिसळण्यासाठी स्वतंत्र बैठक ठेवणे चांगले. काळा अधिक पांढरा म्हणजे राखाडी, हे समीकरण येथे निरुपयोगी आहे. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पांढऱ्यात मिसळले की प्रमाणाप्रमाणे निळसर किंवा उबदार राखाडी मिळते; ऑकर, काळा आणि पांढरा मिळून हिरवट राखाडी होते; लाइट रेड आणि काळ्यात पांढरा मिसळला की जांभळट गुलाबी राखाडी येते. या तिघींचे प्रत्येकी तीन-चार ढीग पॅलेटवर लोण्याइतके मऊ करून तयार ठेवावेत. पॅलेट नाइफच्या टोकावर थोडा रंग घेऊन तो डोळ्यासमोर, वस्तूच्या शेजारी दिसेल असा धरावा आणि एक डोळा मिटून दोन्ही जुळतात का पाहावे. बहुतेक वेळा आपला रंग जास्त शुद्ध असतो. त्यात त्याच्या विरुद्ध छटेच्या राखाडीचा थेंबभर भाग मिसळावा. ज्यांनी अजिंठ्याची लेणी लक्षपूर्वक पाहिली आहेत त्यांना ही रंगसंगती अनोळखी वाटणार नाही, कारण तेथेही पिवळी माती, गेरू, हिरवी माती आणि काजळी यांवरच बहुतेक काम चालले आहे.

प्रत्यक्ष रंगवण्याचे काम शक्यतो एका किंवा दोन बैठकींत उरकावे. मांडणीला वेळ आणि रंगवण्यात झपाटा, हे मोरांदींच्या कामाचे वैशिष्ट्य होते. आधी भिंत, मग टेबल, मग फटी, आणि शेवटी वस्तू, असा क्रम धरावा. भिंतीचा रंग बरणीच्या कडेपर्यंत ओला नेऊन बरणीचा रंग त्याला भिडवावा, म्हणजे कड सुरीने कापल्यासारखी न होता एक रंग दुसऱ्यात किंचित मुरतो. फट रंगवताना तिच्या लांबीच्या दिशेने ब्रश चालवावा आणि भिंतीपेक्षा तेथे रंगाचा थर थोडा जाड ठेवावा. रिकामी जागा मागे पडू नये यासाठी याहून सोपा उपाय नाही. डोळे अर्धवट मिटून पाहावे. त्या नजरेला जे दोन रंग एक दिसतात ते चित्रातही जवळजवळ एकच ठेवावेत, मग एक बरणीचा आणि दुसरा खोक्याचा का असेना. सावल्या काळ्याने करू नयेत. बरणीच्या खांद्यावर चकाकीचा पांढरा ठिपका देण्यासाठी हात उचलला जाईल. तो तेथेच थांबवावा. एखादा भाग बिघडला तर त्यावर रंगावर रंग चढवत बसण्यापेक्षा नाइफने खरवडून पुन्हा करावा.

चित्र वाळत ठेवताना ते भिंतीकडे तोंड करून किंचित तिरपे उभे करावे, नाहीतर शेतातली काळी माती वाऱ्याबरोबर येऊन ओल्या रंगावर बसते आणि पावसाळ्याच्या सायंकाळी दिव्यावरचे किडे तेथेच चिकटतात. अंबर आणि इतर मातीचे रंग लवकर वाळतात, पांढरा व काळा रेंगाळतात. स्पर्शाला कोरडे लागले तरी आतून वाळायला महिने जातात. व्हार्निशची घाई करू नये. सहा महिने ते वर्षभर थांबून, पुढे काढता येईल असे मॅट व्हार्निश पातळ द्यावे, किंवा मुळीच देऊ नये. निजाम सरकारने १९२०च्या सुमारास लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी बोलावले होते. सुटत चाललेला गिलावा त्यांनी पुष्कळ ठिकाणी वाचवला, परंतु चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडून काळवंडला आणि तो काढणे पुरातत्त्व खात्याला दीर्घकाळ पुरले. वरचा थर काढता येण्याजोगा असावा, हे त्यावरून कोणालाही पटेल.

पहिले चित्र पुरे झाले तरी मांडणी मोडू नये. त्याच पाच वस्तू, तोच कागद, त्याच खुणा ठेवून एकच वस्तू अंगठ्याच्या रुंदीने सरकवावी आणि दुसरा कॅनव्हास लावावा. मोरांदींनी अशीच एका मांडणीवरून अनेक चित्रे केली आणि जवळजवळ सर्वांना ‘स्थिरचित्र’ या अर्थाचे एकच नाव दिले. आपलीही नावे सारखीच होणार असल्याने प्रत्येक कॅनव्हासच्या पाठीवर तारीख, उजेडाची वेळ, वापरलेले रंग आणि कोणती वस्तू कोठे सरकवली ते पेन्सिलीने लिहून ठेवावे. डिस्टेंपर लावलेली बरणी मात्र आता लोणच्यासाठी परत मागितली जाईल, तेव्हा सुरुवातीलाच दुसरी आणून ठेवलेली बरी.